धरणारी बोटं, खेळणारी बोटं

कोलकात्याच्या बँकशॉल स्ट्रीटवर शॉ वॉलेस कंपनीचं मुख्यालय होतं. १८८६ साली सुरू झालेली ही साहेबी पेढी. चहा, खतं असे नाना धंदे करून शेवटी तिची ओळख उरली ती व्हिस्की आणि बिअरची. १९९५च्या सुरुवातीला याच शॉ वॉलेसने जपानच्या सेगा कंपनीशी वितरणाचा करार केला आणि मेगा ड्राइव्ह हा व्हिडिओ गेमचा संच भारतात आणला. आयात शुल्क तेव्हा ८० टक्के होतं, त्यातून वाट काढायला ही सोयरीक. तरीही एका संचाची किंमत १८,००० रुपये! ज्या घरात एवढे पैसे सुटे असतील, त्या घरात खेळायला मोकळं मूल असेलच असं नाही.

बँकशॉल स्ट्रीटच्या भागातून हुगळीच्या काठाने जाणारी चक्ररेल पकडली की उत्तरेला थोड्याच वेळात बागबाजार लागतं. रसगुल्लेवाल्या नवीनचंद्र दासांचं आणि नाटकवाल्या गिरीशचंद्र घोषांचं बागबाजार. मराठी माणसाने इथे जरा जपूनच वावरावं. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याभोवती जो खंदक खणायला घेतला, त्याचं उत्तरेचं टोक इथे होतं, आणि मराठा डिच लेन ही गल्ली ते नाव अजून मिरवते आहे. मराठे काही कोलकात्यावर चालून आले नाहीत. मेगा ड्राइव्हसुद्धा बागबाजारच्या बहुतेक घरांपर्यंत पोचला नाही.

पोचल्या त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला. समुराई, लिटल मास्टर, किंवा कसलंच नाव नसलेला, ‘९९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट लावायचा डबा. दादरला आणि सदाशिव पेठेतही तेच होतं. बागबाजारच्या एका जुन्या घरात, जिथे काहीही फेकून द्यायची पद्धत नाही, माझ्या मित्राने असा एक डबा जपून ठेवला आहे. त्याच्या शेजारी कॉलेजात असताना घेतलेला प्लेस्टेशन २चा रिमोट, आणि मुलीसाठी आणलेले अलीकडचे दोन, एक एक्सबॉक्सचा आणि एक प्लेस्टेशन ५चा. कंट्रोलर म्हणा, जॉयस्टिक म्हणा. त्या घरात चारहींना रिमोटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. चारही ओळीने हातात घेतले की चाळीस वर्षांत नेमकं काय सुधारलं ते बोटांना आपोआप कळतं.

पहिला घ्या. चपटी, काटकोनी वीट. डावीकडे फुलीच्या आकाराचं बटण, उजवीकडे ए आणि बी. ही फुली गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या माणसाची. १९८२ साली खिशात मावणाऱ्या, घडी घालायच्या ‘डाँकी काँग’ खेळासाठी त्याने ती बसवली, कारण उभी दांडी असती तर झाकण मिटलं नसतं. जुलै १९८३मध्ये फॅमिकॉम आला तेव्हा तीच फुली त्याच्या रिमोटवर गेली. त्या यंत्राच्या दोन्ही बाजूंना रिमोट ठेवायच्या खोबणी होत्या, आणि खोबणीत सरकवायची वस्तू चपटी आणि सरळ कडांचीच हवी. म्हणजे या आकारात ठेवण्याची सोय पाहिली होती. हाताची बाब पुढच्यांवर सोडली होती.

आता ती वीट धरून खेळून पाहा. दोन्ही अंगठे वर, बटणांवर. मग रिमोट धरला आहे कोणी? मधल्या बोटांची टोकं खालून रेटताहेत, अंगठे वरून दाबताहेत, आणि या ओढाताणीतून रिमोट हवेत तरंगतो आहे. अंगठा फुलीवरून उचलला की रिमोट किंचित डुगडुगतो, म्हणून आपण नकळत तो अधिक घट्ट धरतो. कोपरे तळव्यात रुततात. कोपरं अंगाशी आणि हात पुढे जवळ आणावे लागत असल्याने मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ लागते. मारिओ खेळणाऱ्या पिढीने ती मुकाट सोसली, कारण तासाभरात आई टीव्ही बंद करतच असे.

रिमोटचा आराम मोजायचा तर मला एकच कसोटी खरी वाटते. धरणारी बोटं आणि खेळणारी बोटं वेगळी आहेत का? हातात रिमोट नेहमीसारखा धरायचा, आणि मग दोन्ही अंगठे व दोन्ही तर्जन्या अलगद उचलायच्या. रिमोट जागच्या जागी राहिला तर ठीक. घसरला, झुकला, किंवा उरलेल्या बोटांना आवळावं लागलं, तर तो खेळताना तुमच्या अंगठ्यांकडूनच हमाली करून घेणार. गुळगुळीत रबर, चमकते दिवे, खोक्यावरचं नक्षीदार वर्णन, हे सगळं त्यानंतरचं.

समुराईची वीट या कसोटीत पहिल्याच सेकंदाला नापास होते. प्लेस्टेशन २चा रिमोट मात्र राहतो, आणि का राहतो हे त्याच्या दोन मुठींकडे पाहिलं की समजतं. डिसेंबर १९९४मध्ये पहिलं प्लेस्टेशन जपानात आलं. त्याच्या रिमोटची रचना सोनीच्या तेइयू गोतो यांची. सोनीतल्या बऱ्याच वरिष्ठांना निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमसारखा चपटा रिमोटच हवा होता. त्यांची गिऱ्हाइकं ओढायची तर ओळखीचं रूप बरं, असा हिशेब. गोतोंनी खाली उतरणाऱ्या दोन मुठी दाखवल्या. सोनीचे प्रमुख नोरिओ ओगा स्वतः विमान चालवत असत, आणि हातात नीट बसणारी मूठ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी गोतोंची बाजू घेतली.

त्या मुठींनी केलं काय, तर वजन अनामिका आणि करंगळीकडे सोपवलं. ही दोन बोटं आवळून धरायला तरबेज आणि बारीक कामात मंद. अंगठा आणि तर्जनी नेमकी उलट. मुठी तिरक्या असल्याने तळवे एकमेकांकडे तोंड करून राहतात, मनगट सरळ राहतं. हात मांडीवर सैल टाकून बसा, तो आपणहून ज्या कोनात पडतो त्याच्या जवळपास जाणारी ही ठेवण आहे.

अंगठ्याबद्दल आणखी एक. अंगठा मुळाशी ज्या सांध्यावर फिरतो तो घोड्याच्या खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा इतर बोटांसमोर येऊ शकतो. पण तो सरळ रेषेत सरकत नाही, कमानीत फिरतो. फॅमिकॉमवर ए आणि बी एका आडव्या रेषेत होते. १९८९च्या गेम बॉयवर तीच दोन बटणं तिरकी झाली. मेगा ड्राइव्हच्या रिमोटला तर कडाच गोल होत्या आणि तीन बटणं हलक्या कमानीत. १८,००० रुपयांत निदान एवढं मिळत होतं. सुपर फॅमिकॉमने १९९०मध्ये चार बटणं चौकटच्या आकारात मांडली आणि वरच्या कडेला तर्जनीसाठी आणखी दोन दिली. तर्जनीला काम मिळालं ते तेव्हा. आज विकत मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रिमोटवर ती मांडणी तशीच आहे.

बटणांची जागा तीच, नावांचा मात्र बट्ट्याबोळ आहे. निन्टेन्डोचं ए उजवीकडे आणि बी खाली. एक्सबॉक्सचं ए खाली आणि बी उजवीकडे. सोनीने अक्षरंच टाळून त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली घेतली. गोतोंच्या मनात गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असं होतं. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, त्यामुळे तिथे हे लगेच पटलं. बाहेरच्या देशांत मात्र फुलीच ‘हो’ झाली, आणि २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा जपानी खेळाडूंनाही फुलीचा ‘हो’ गळी उतरवावा लागला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणकावर आला. असा खेळ अनेक यंत्रांवर न्यायचा म्हणजे ‘उडी मारा’ या एका सूचनेसाठी दर यंत्रागणिक वेगळं चित्र लागतं. दोन यंत्रं बाळगणारा माणूस आयुष्यात एकदा तरी ‘सेव्ह’ म्हणून ‘रद्द’ दाबतो.

आता या विषयातलं सगळ्यात जुनं भांडण. प्लेस्टेशनवर दोन्ही काड्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या ॲनालॉग स्टिक, खाली शेजारी-शेजारी आहेत. एक्सबॉक्सवर डावी काडी वर आणि उजवी खाली. कोणतं बरं? यावर रात्र-रात्र वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं की उजवी काडी दोन्हीकडे जवळपास एकाच जागी आहे. वाद आहे तो फक्त डाव्या अंगठ्याचा.

सोनीची मांडणी अशी का, याचं उत्तर इतिहासात आहे. १९९४च्या रिमोटला काड्या नव्हत्याच. मोक्याची जागा फुलीला दिलेली होती. १९९७मध्ये काड्या जोडायच्या ठरल्या तेव्हा मुठींच्या मध्ये जेवढी मोकळी जागा होती तिथे त्या बसवल्या. त्याच वर्षी थरथरणारा ड्युअलशॉक आला आणि ती सोय कायमची झाली. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने २००१मध्ये कोऱ्या पाटीवर सुरुवात केली, म्हणून त्यांनी डाव्या अंगठ्याची नैसर्गिक बैठक काडीला दिली. आजच्या बहुतेक खेळांत डावा अंगठा सतत काडीवर असतो, फुली अधूनमधून लागते. त्या न्यायाने एक्सबॉक्सची मांडणी सरस आहे असं माझं मत आहे. पण मारामारीचे खेळ आणि जुन्या पद्धतीचे उड्यांचे खेळ फुलीवर खेळायचे असतात, आणि तिथे सोनीचा रिमोट आजही हातात जास्त शहाणा वाटतो. सोनीची फुली वरून चार सुट्या पाकळ्यांसारखी दिसते, कारण एकसंध फुलीचं पेटंट निन्टेन्डोकडे होतं.

एक्सबॉक्सला सगळं पहिल्या फटक्यात जमलं, असं मात्र नाही. २००१चा पहिला रिमोट अवाढव्य होता; त्याला ‘ड्यूक’ हे टोपणनाव पडलं. मायक्रोसॉफ्टच्या डिझायनर डेनिस चौधरी यांच्याकडे काम आलं तेव्हा आतला सर्किट बोर्ड आधीच ठरून गेला होता, आणि तो भलताच मोठा होता. त्याच्याभोवती प्लॅस्टिक गुंडाळायचं एवढंच हाती उरलं. जपानी खेळाडूंसाठी २००२मध्ये लहान रिमोट काढावा लागला; त्याचं कंपनीतलं गुप्त नाव अकेबोनो, एका धिप्पाड सुमो पैलवानावरून ठेवलेलं. पुढे तो लहानच सगळीकडे चालला. मोठ्या हाताला लहान रिमोट चालतो, लहान हाताला मोठा चालत नाही, हे कळायला एका महाकाय कंपनीला वर्ष लागलं.

क्रिकेटची बॅट हार्‍रो, सहा नंबर, पाच नंबर अशी मापाने मिळते. रिमोट एकाच मापात येतो, बापालाही तोच आणि दहा वर्षांच्या मुलीलाही तोच. हे माप घेतलं कोणाच्या हाताचं? भारतीय शरीरांची मापं पद्धतशीर गोळा करणारा मोठा ग्रंथ देवकुमार चक्रवर्ती यांनी अहमदाबादच्या एनआयडीतून १९९७मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हाताची लांबी-रुंदीही आहे. डिझायनर अशा तक्त्यांतून सगळ्यात लहान पाच टक्के आणि सगळ्यात मोठे पाच टक्के सोडून मधल्यांना वस्तू बसेल असं पाहतात. पण तक्ता कोणत्या देशाचा, त्यावर कोण मधलं ठरतं हे अवलंबून. २०२०चा नवा एक्सबॉक्स रिमोट मायक्रोसॉफ्टने किंचित लहान केला, सरासरी आठ वर्षांच्या मुलाच्या हातालाही पुरावा म्हणून, आणि मोठ्या हातांना त्याने अडचण होत नाही असं त्यांना आढळलं. बागबाजारच्या त्या घरात मित्राची मुलगी तोच उचलते. प्लेस्टेशन ५चा ड्युअलसेन्स तिच्या तर्जनीला वरच्या खटक्यापर्यंत पोचू देतो, पण मग तळवा मुठीवरून सुटतो. तीच कसोटी, दुसऱ्या टोकाने नापास.

ड्युअलसेन्सचं वजन साधारण २८० ग्रॅम, त्याच्या आधीच्या ड्युअलशॉक ४चं साधारण २१०. एक्सबॉक्सचा रिमोट दोन पेन्सिल सेल घातल्यावर ड्युअलसेन्सच्याच आसपास जातो. जास्त वजन वाईटच असतं असं नाही. मुठीत खोल बसलेलं वजन स्थिर वाटतं. ड्युअलसेन्समधलं वजन ज्यासाठी वाढलं त्या गोष्टीही गमतीच्या आहेत. जुन्या रिमोटमध्ये थरथर यायची ती एका बाजूला जड असलेल्या चाकाच्या मोटारीमुळे; डावीकडे मोठी, उजवीकडे छोटी. ड्युअलसेन्समध्ये स्पीकरच्या तत्त्वावर चालणारी चुंबकी गुंडाळी आहे, त्यामुळे वाळू आणि पत्रा यांवरून चालण्यातला फरक तळव्याला कळतो. तर्जनीखालच्या खटक्यांना आतून दातेरी चाक रोखून धरतं, धनुष्य ताणल्यासारखा जोर लागतो. पाठीमागे बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. भिंग घेऊन पाहिलं तर ती खरखर म्हणजे हजारो बारीक त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुल्या. कोलकात्याच्या जुलैत, पंखा सुरू असतानाही हात घामेजतात तेव्हा ही नक्षी खरंच उपयोगी पडते. खटक्याचा जोर मात्र पहिल्या आठवड्याच्या कौतुकानंतर मी सेटिंगमध्ये जाऊन बंद करतो. बोटाला काम कमी द्यायचं सोडून वाढवायचं कशाला?

आराम चुकला की काय होतं याचं सगळ्यात नामांकित उदाहरण निन्टेन्डो ६४चं. १९९६च्या त्या रिमोटला तीन मुठी होत्या आणि माणसाला हात दोनच. त्यावरच्या ‘मारिओ पार्टी’ खेळात काडी शक्य तितक्या वेगाने गरागरा फिरवायची असे. अंगठ्याने वेग येईना, म्हणून मुलं तळवा काडीवर टेकवून फिरवू लागली आणि तळव्यांना फोड आले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत तक्रारी गेल्या, आणि २०००मध्ये निन्टेन्डोने मुलांना हातमोजे द्यायचं कबूल केलं.

याच्या दुसऱ्या टोकाला २०१८चा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे. हाता-बोटांवर ताबा नसलेल्यांसाठी केलेला. वर दोन मोठ्या तबकड्या, मागे एकोणीस भोकं, आणि प्रत्येक भोकात पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायचं वेगळं बटण जोडता येतं. तो धरायचाच नसतो. टेबलावर किंवा मांडीवर ठेवायचा. धरणं आणि खेळणं पूर्ण वेगळं काढलेला असा दुसरा रिमोट मला माहीत नाही.

आराम फक्त आकारातच असतो असं नाही, यंत्र म्हातारं झालं की तो आतूनही जातो. मित्राच्या घरचा एक रिमोट हात न लावता पात्राला डावीकडे चालवायला लागला, म्हणून आम्ही तो चांदनीच्या बाजारात दुरुस्तीला नेला. कारागिराने काडीचा सुटा भाग उघडून दाखवला. एकमेकांना काटकोनात दोन छोट्या डब्या, प्रत्येकीत काळ्या कार्बनची एक चंद्रकोर पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी पितळी जीभ. जीभ पट्टीवर कुठे आहे त्यावरून विद्युतदाब बदलतो, आणि यंत्राला कळतं काडी किती झुकली. लाखो वेळा घासून पट्टी झिजते, तिचाच काळा भुगा आत साचतो, आणि काडी मध्यावर असूनही यंत्राला ती कललेली दिसते. उपाय दोनच. पुसून थोडे दिवस ढकलायचे, किंवा चौदा टाके उकलून नवा भाग बसवायचा. चुंबकाच्या साहाय्याने, काहीही न घासता मोजणाऱ्या काड्या सेगाने नव्वदच्या दशकातच वापरल्या होत्या. त्या महाग म्हणून मागे पडल्या आणि आता छोट्या कंपन्यांच्या रिमोटमध्ये परत आल्या आहेत. नवा रिमोट घेताना मुठीनंतर मी या काड्यांचं ‘हॉल इफेक्ट’ हे नाव शोधतो.

पण खरं सांगायचं तर भारतात खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात यातलं काहीच नसतं. बागबाजारच्या रोयाकांवर, म्हणजे घरांपुढच्या ओट्यांवर, संध्याकाळी जी पोरं बसतात त्यांच्या हातात फोन असतो. २०२१पासून ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, त्याआधी पबजी. फोन आडवा धरला की तो पुन्हा चपटी, काटकोनी वीटच, आणि आता तर दाबायला बटणंही नाहीत, नुसती काच. कसोटी लावून पाहा: अंगठे आणि तर्जन्या उचलल्या की फोन खालीच येतो. म्हणून जी पोरं पटाईत आहेत ती करंगळी खालच्या कडेला अडकवतात, तर्जनी पंजासारखी वळवून काचेच्या वरच्या कोपऱ्यावर आणतात आणि चार बोटांनी खेळतात. दिसायला भारी, पण मनगट आणि अंगठ्याच्या शिरा यांच्या दृष्टीने फॅमिकॉमपेक्षाही वाईट बैठक. या खेळात बाहेरचा रिमोट जोडायची अधिकृत सोय नाही, त्यामुळे चांदनीतून आणलेल्या, फोनला चिमट्यासारख्या लागणाऱ्या खटक्यांवर भागवावं लागतं, आणि घामासाठी अंगठ्यावर कापडी टोपी चढते. ती हरवली की शेजारच्या क्लबात कॅरम बोर्डाजवळची पावडरची डबी असतेच. कॅरमवाल्यांची त्यावरून रोज बोंब असते.